लाल बिल्ला आणि वजनकाटा : शरद जोशी जालन्यातून वाचताना

ॲडम स्मिथवरच्या धाग्याखाली एका वाचकाने विचारले होते, "हे सगळे स्कॉटलंडचे झाले. स्वातंत्र्य आणि बाजारपेठ यांचा एकत्र विचार मराठीत कोणी केला आहे का?" उत्तर दोन ओळींत देता आले असते. पण लिहायला बसले तेव्हा लक्षात आले की त्या उत्तरात माझे आजोबा, आजी आणि वडिलांचा वजनकाटा हे तिघेही येणार. त्यामुळे हा धागा लांबला आहे आणि नेहमीसारखा निव्वळ माहितीचाही राहिलेला नाही. सांभाळून घ्यावे.

वडील जालना एमआयडीसीतील एका खाजगी वजनकाट्यावर कारकून आहेत. भंगाराने भरलेले ट्रक येतात, काट्यावर चढतात, पावती फाडली जाते. काही तासांनी तेच किंवा दुसरे ट्रक सळई भरून जातात, पुन्हा पावती. सुट्टीत मी डबा घेऊन तिथे जाते आणि बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत थांबते. एम.ए.च्या प्रबंधिकेचे निम्मे वाचन मी त्या पत्र्याच्या खोलीत केले आहे. बाहेर काळी धूळ, रात्री भट्ट्यांचा तांबडा उजेड आणि वडिलांच्या टेबलावर सतत वाजणारा फोन.

प्रबंधिकेचा विषय आहे शेतकरी संघटना आणि तिचे संस्थापक शरद जोशी. हे नाव मला पुस्तकात प्रथम भेटले नाही. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांखाली, एक गोल लाल बिल्ला होता. लहानपणी तो मी फ्रॉकला लावून मिरवत असे आणि आजोबा तेवढ्यापुरते रागावत.

आधी थोडी मागची वाट. मराठीत अर्थशास्त्र पुष्कळ लवकर आले. लोकहितवादींनी १८४९ मध्ये 'लक्ष्मीज्ञान' लिहिले, म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याच्याही आधी. संपत्ती कशी निर्माण होते, व्यापाराने देश बुडतो की तरतो, हे प्रश्न त्यांनी मराठी वाचकापुढे ठेवले. पुढे १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 'भारतीय अर्थशास्त्र' या विषयावर व्याख्यान दिले. राजकारणात रानडे पक्के उदारमतवादी. पण इंग्लंडमध्ये लागू पडलेला खुल्या व्यापाराचा नियम हिंदुस्थानला जसाच्या तसा लागू पडेल, हे त्यांना मान्य नव्हते. देशात उद्योग उभे राहायचे तर राज्यसंस्थेने हात दिला पाहिजे, असे त्यांचे मत. स्वातंत्र्यानंतरची आपली अर्थनीती पाहिली तर लोकहितवादींचा धागा तुटला आणि रानड्यांचा धागा भलताच ताणला गेला, असे मला वाटते. रानड्यांनी मागितलेला हात उद्योगाला उभे करण्यापुरता होता. कोणत्या कारखान्याने किती टन माल काढावा हे दिल्लीतून ठरवावे, असे ते कुठेही म्हणत नाहीत.

हा तुटलेला धागा पुन्हा उचलणारा माणूस विद्यापीठातून आला नाही, हे विशेष. शरद जोशी १९३५ मध्ये साताऱ्यात जन्मले, भारतीय टपाल सेवेत गेले आणि तिथून स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत. ती नोकरी सोडून ते परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शेतीचा हिशेब त्यांनी नोकरशहाच्या काटेकोरपणे ठेवला. निष्कर्ष साधा होता : शेतकरी आळशी नाही, अडाणी नाही, उधळ्या तर नाहीच, त्याचा माल उत्पादनखर्चापेक्षा कमी भावात विकला जातो, आणि ही निसर्गाची नव्हे तर सरकारी धोरणाची करणी आहे. १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली. १९८० च्या आरंभी चाकणचे कांदा आंदोलन, त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातील कांदा-ऊस आंदोलन. रस्ते अडले, रेल्वे अडली, गोळीबारही झाला.

इथे थांबून त्यांचा सिद्धान्त नीट पाहायला हवा, कारण 'शेतीमालाला भाव' एवढ्यावर तो संपवला जातो. जोशींची मांडणी अशी : देशाला झटपट कारखानदारी हवी. त्यासाठी भांडवल हवे. ते मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे कच्चा माल आणि धान्य स्वस्त ठेवणे. कापूस स्वस्त असला की गिरणीचा नफा वाढतो. धान्य स्वस्त असले की मजूर कमी पगारात जगतो, म्हणजे पुन्हा नफाच वाढतो. मग निर्यातबंदी, जिल्हाबंदी, लेव्ही, साठ्यावरील मर्यादा, भाव चढताच परदेशी धान्याची आयात, ही सगळी हत्यारे वापरायची. इंग्रजांनी हिंदुस्थानची जी वसाहत केली होती तीच 'इंडिया'ने 'भारता'ची केली. रोझा लक्झेम्बर्ग या मार्क्सवादी विदुषीचा आधार घेऊन एका बाजारवादी विचारवंताने हे मांडावे, यातच त्यांची गंमत आहे. त्यांना कोणत्याही एका कप्प्यात बसवता येत नाही.

या मांडणीला त्यांनी एक शब्द दिला, 'उणे सबसिडी'. शेतकऱ्याला खत, वीज, कर्ज यांत जे मिळते ते एका पारड्यात ठेवा. भाव पाडून जे काढून घेतले जाते ते दुसऱ्या पारड्यात. दुसरे पारडे खाली जाते. पुढे 'गॅट'च्या वाटाघाटींत भारत सरकारनेच १९८६ ते १९८८ या काळासाठी जे आकडे दिले त्यांत शेतीमालाला मिळणारे संरक्षण उणे निघाले. जे आंदोलनात घोषणा म्हणून म्हटले जात होते ते सरकारी कागदावर आले. काट्यावर वाढलेल्या मुलीला ही पारड्यांची भाषा लगेच कळते.

आता आजोबांकडे येते. आमचे गाव जालन्यापासून फार दूर नाही. जमीन काळी, पीक कापसाचे. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२-७३ च्या हंगामापासून ती लागू झाली. एकाधिकार म्हणजे शब्दशः एकाधिकार. राज्यातल्या शेतकऱ्याने आपला कापूस फक्त सरकारच्या यंत्रणेला विकायचा. खाजगी व्यापाऱ्याला विकणे गुन्हा, परवानगीवाचून राज्याबाहेर नेणे गुन्हा. हेतू वाईट नव्हता. व्यापारी आणि सावकार हे एकच माणसाचे दोन चेहरे असत, त्यांच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायचे होते. पण सुटलेल्या शेतकऱ्याला जायला दुसरे दार ठेवलेले नव्हते.

आजोबा एका खरेदी केंद्रावर बैलगाडीसह तीन रात्री रांगेत राहिल्याची गोष्ट सांगत. तिसऱ्या दिवशी प्रतवारी करणाऱ्याने बोंडांत हात घालून एक प्रत खाली लावली. आजोबांच्या मते कापूस तोच होता. घरी परत न्यायचा तर पुन्हा गाडी, पुन्हा बैल, पुन्हा रात्र; आणि परत नेऊन विकायचा कुणाला? त्यांनी पावती घेतली. "मोठ्या मालकाला 'नाही' म्हणता येतं, पण एकुलत्या एक गिऱ्हाइकाला येत नाही," एवढेच ते म्हणत. अर्थशास्त्रात एकच विक्रेता आणि एकच ग्राहक या दोन्ही अवस्थांवर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. मला ती सगळी या एका वाक्यात सापडली.

त्या काळात कापसाच्या गाड्या राज्याची सीमा ओलांडत. १९८६ च्या डिसेंबरात कापूस आंदोलनात सुरेगाव येथे, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. आजोबा तिथे नव्हते. पण पुढल्याच वर्षी त्यांनी बिल्ला घेतला.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून इथे दुसरी बाजू नोंदवणे मला भाग आहे. बाजारात भाव चढे असत तेव्हा महाराष्ट्राचा कापूस चोरून बाहेर जाई, हे खरे. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगातले भाव पडले तेव्हा उलटे झाले : योजनेचा हमीभाव बाजाराहून जास्त होता आणि शेजारच्या राज्यांतला कापूस महाराष्ट्रात येऊन विकला जाऊ लागला. योजनेचा तोटा फुगला. २००२ च्या सुमारास खाजगी खरेदी खुली झाली आणि एकाधिकार नावापुरता उरला. त्या पडत्या भावाच्या वर्षांत आजोबांनी सरकारला निमूट कापूस घातला आणि चार पैसे जास्त घेतले. याबद्दल छेडले की ते हसत. बिल्ला पेटीतच होता.

जोशींच्या विचारात एक वळण आहे आणि त्यावर अभ्यासकांत वाद आहे. १९८० मध्ये मागणी होती उत्पादनखर्चावर आधारित रास्त भावाची. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा त्या वेळची. १९९१ नंतर मागणी झाली सरकारने बाजूला होण्याची. डंकेल प्रस्तावावर डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजू तुटून पडत असताना जोशींनी त्याचे स्वागत केले, आणि १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. टीकाकार म्हणतात, ही कोलांटी होती. समर्थक म्हणतात, भाव सरकार पाडते हेच पहिल्या दिवसापासूनचे म्हणणे होते, तेव्हा सरकार हटवा हा त्याचाच पुढचा टप्पा. माझे मत समर्थकांकडे झुकते, पण पूर्ण नाही. रास्त भाव ठरवायचा तर ठरवणारा कुणीतरी लागतो, आणि खुल्या बाजारात असा 'कुणीतरी' नसतो. १९८० च्या सभांना आलेल्या हजारो लोकांपैकी बहुतेकांना तो 'कुणीतरी' हवा होता, असे मला आजोबांकडे पाहून वाटते.

आता एमआयडीसी. जालना ही जुनी पेठ. निजामाच्या राज्यातही इथे कापूस आणि धान्याचा व्यापार होता. 'जालना सोने का पालना' ही म्हण त्या वैभवाची आठवण. इथे लोहखनिज नाही, कोळशाची खाण नाही, बंदर तर शेकडो किलोमीटरवर. तरीही सळई म्हटली की बांधकामवाले जालन्याचे नाव घेतात. भंगार आणि स्पंज आयर्न भट्टीत वितळवायचे, बिलेट ओतायचे, ते लाटून सळई काढायची, असा हा धंदा.

एकेकाळी देशात पोलादाचा भाव आणि वाटप सरकारी देखरेखीखाली ठरत असे. जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांवरचा परवाना गेला. जानेवारी १९९२ मध्ये पोलादाचे भाव व वितरण मोकळे झाले. जालन्यात आज दिसतो तो पसारा मुख्यतः त्यानंतरचा.

फ्रिडरिक हायेक या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाचा १९४५ चा एक प्रसिद्ध निबंध आहे, समाजात ज्ञानाचा वापर कसा होतो यावर. त्याचा गाभा असा : अर्थव्यवस्था चालवायला लागणारे ज्ञान कोणा एकापाशी नसते. ते लाखो लोकांत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले असते, आणि पुष्कळदा ते क्षणिक, स्थानिक, शब्दांत न मांडता येणारे असते. भाव हा त्या तुकड्यांना जोडणारा निरोप आहे. हा निबंध मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा अर्धवट कळला. तिसऱ्यांदा वाचत होते तेव्हा वडिलांचा फोन चालू होता. मंडी गोबिंदगढला भंगार किती, रायपूरला बिलेट काय, मुंबईत जुने जहाजी लोखंड आले का. पलीकडचा व्यापारी विचारत होता आणि वडील ऐकीव भाव सांगत होते. फोन ठेवून ते म्हणाले, "आज संध्याकाळी गाड्या कमी येतील बघ." का, ते त्यांना सांगता आले नाही. गाड्या कमी आल्या. हायेक मला त्या दिवशी कळला.

पण याच ठिकाणी बसून एक शंकाही येते, आणि ती या धाग्याच्या उत्साही वाचकांपुढे ठेवली नाही तर अप्रामाणिकपणा होईल. ही मोकळ्या उद्योगाची नगरी कुणाच्या जमिनीवर उभी आहे? महाराष्ट्रात औद्योगिक वसाहती उभ्या राहतात त्या १९६१ च्या कायद्यान्वये. सरकार शेतकऱ्यांची जमीन सक्तीने संपादित करू शकते, आणि उद्योजकाला भूखंड मिळतो तो सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. म्हणजे शेतकऱ्याला न विकण्याचे स्वातंत्र्य नव्हते आणि कारखानदारालाही पूर्ण मालकी नाही. २०१६ मध्ये मराठवाडा-विदर्भातील उद्योगांना वीजदरात सवलत देण्यात आली. भट्टी म्हणजे विजेचा राक्षस. ती सवलत कमी होण्याची बातमी आली की काट्यावर दुसरा विषय नसे. जोशी असते तर त्यांनी विचारले असते, ही कोणाची सबसिडी आणि कोणाच्या खिशातून?

आणखी एक गंमत, जिला गंमत म्हणताना जीभ अडखळते. १९५० च्या दशकात केंद्र सरकारने पोलादासाठी भाडे-समानीकरणाचे धोरण आणले. देशात कुठेही पोलाद जवळपास सारख्याच भावाने मिळावे म्हणून वाहतुकीचा भार सर्वांत वाटला गेला. परिणाम असा की खनिजाच्या उशाशी असलेल्या बिहार, बंगाल, ओडिशा यांना जवळ असण्याचा फायदाच उरला नाही, आणि कारखाने महाराष्ट्रासारख्या राज्यांत गेले. १९९२ च्या सुमारास ते धोरण संपले. आज जालन्याच्या भट्ट्यांसमोर उभा असलेला मजूर पुष्कळदा बिहारचा असतो. आधी धोरणाने त्याच्या प्रांताची अनुकूलता काढून घेतली, मग बाजाराने त्याला इथे आणले.

त्यांच्यापैकी एकाशी चहाच्या टपरीवर माझी ओळख झाली. वयाने माझ्याएवढाच. उजव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा जुना डाग. त्याला तीन कारखान्यांचे रोजचे दर तोंडपाठ होते आणि थोडा जास्त दर मिळतो म्हणून तो वर्षभरात एकदा जागा बदलून आला होता. शरद जोशी स्वातंत्र्याची व्याख्या करताना त्याच्या कक्षांविषयी बोलत : माणसापुढे पर्याय किती, ते किती वेळा निवडता येतात, त्यांचा पल्ला किती. ही व्याख्या मला फार आवडते, कारण तिने मोजता येते. या मुलापुढे पर्याय होते. आजोबांना खरेदी केंद्रावर नव्हता, याला तीन होते. पण तिन्ही ठिकाणी भट्टी तीच आणि उष्णताही तीच.

घरी हे बोलले तेव्हा वडील चिडले. "गावाकडं राहिला असता तर काय केलं असतं त्यानं? मी शेती सोडली तेव्हा मला कोणी विचारलं का, पर्याय किती म्हणून?" मी म्हटले, "अण्णा, स्मिथनेही १७७६ मध्येच लिहून ठेवलं आहे की मालक लोक मजुरी वाढू नये म्हणून आतून एक असतात." वडील म्हणाले, "मग तुझ्या स्मिथला सांग काट्यावर येऊन बस म्हणावं." त्या रात्री आम्ही दोघेही नीट जेवलो नाही.

नंतर विचार करताना वाटले की वडिलांच्या रागात जोशींचेच उत्तर होते. शहरातली मजुरी किती, हे खेड्यात घरी बसून किती मिळते यावर ठरते. शेतीतून काही उरत नसेल तर भट्टीसमोर उभे राहायला कमी पैशांतही माणूस येतो. त्याची कक्षा जालन्यात नव्हे, त्याच्या गावी आखडली गेली. हे उत्तर मला पटते. पण त्या मुलाच्या हातावरच्या डागापुढे ते अपुरे वाटते, हेही खरे. सुरक्षेचे नियम पाळायला लावणारा निरीक्षक बाजारातून आपोआप येतो, असे मला अजून कुठल्याही उदारमतवाद्याने पटवून दिलेले नाही.

जालन्याची दुसरी ओळख बियाण्यांची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे 'महिको' सुरू केली. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून त्यांनी संकरित बियाण्यांचा खाजगी उद्योग उभा केला, तोही बियाणे हे सरकारचेच काम मानले जाण्याच्या काळात. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. देशातील पहिल्या बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, ती याच कंपनीच्या वाणांना. त्याआधी २००१ मध्ये गुजरातेत परवानगी नसलेला बीटी कापूस शेतांत उभा सापडला आणि ते पीक नष्ट करण्याचा आदेश निघाला. शरद जोशी तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. बाजाराचे स्वातंत्र्य आणि तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य ही त्यांची जोडमागणी होती. कोणते बी पेरायचे हे पेरणाऱ्याने ठरवावे. २०१९ मध्ये, जोशींच्या निधनानंतर साडेतीन वर्षांनी, अकोला जिल्ह्यात अकोली जहाँगीर येथे संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंदी असलेले एचटीबीटी बियाणे जाहीरपणे पेरले, ते याच सूत्रावर.

लक्षात घ्या, जोशी इथे कंपनीच्या बाजूने नाहीत आणि सरकारच्याही नाहीत. विनापरवाना बियाणे पेरणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूने आहेत. बाजारवादी म्हणजे भांडवलदारांचा वकील, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राचा कापूस खाल्ला. अळीने बीटीला दाद देणे सोडले होते. काकांच्या शेतात बाहेरून बोंड हिरवेगार आणि आत किडकी सरकी. मी तेव्हा बारावीत होते. त्या वर्षी घरात कर्जाशिवाय दुसरे बोलणे नव्हते आणि माझ्या पुढल्या शिक्षणाचा विषय कोणी काढत नव्हते.

आता ज्यासाठी हा धागा खरे तर लिहिला, ते सांगते.

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले. त्यानंतरच्या वर्षांत संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली : पुरुषांनी जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावावर करावा. कायदा नाही, सक्ती नाही, अनुदान नाही. हजारो कुटुंबांनी ते केले. उदारमतवादाची पुस्तके मालमत्तेच्या हक्काने सुरू होतात. पण त्या पुस्तकांतला मालमत्ताधारक बहुधा पुरुष असतो. जोशींनी तो हक्क चुलीपर्यंत नेला. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोठे, आणि त्याबद्दल सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

आजोबांनी १९९० च्या आसपास दोन एकर आजीच्या नावावर केले. सभेत हात वर केला होता म्हणून केले, असे आजी म्हणते. त्यानंतर सातबाऱ्यावर नाव आजीचे, पण नांगर, बी, पैसा सगळे आजोबांचे आणि पुढे काकांचे. कागदावरची मालकीण.

२०१८ च्या उन्हाळ्यात आजीने जाहीर केले की ती ते दोन एकर विकणार. काका हादरले, वडील हादरले. आजोबा तेव्हा हयात नव्हते. काकांनी समजावले, वडिलांनी समजावले, भावकीतल्या चार जणांना बोलावले. आजी एवढेच म्हणाली, "मह्या नावावर हाये ना? मंग मी इकीन." अर्धे पैसे काकांच्या कर्जाला आणि अर्धे माझ्या शिक्षणाला.

एमआयडीसीतला भंगाराचा एक व्यापारी चांगला भाव द्यायला तयार होता. पण तो खातेदार शेतकरी नव्हता, आणि मराठवाड्यात १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यानुसार शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहजासहजी विकता येत नाही. शेवटी शेजारच्या शेतकऱ्याने घेतली, बऱ्याच कमी भावात. गिऱ्हाईक कमी, तर भाव कमी. आजोबांची खरेदी केंद्रावरची रात्र आजीच्या वाट्याला पुन्हा आली होती, फक्त या वेळी कायद्याचे कलम वेगळे. हा कायदा नसता तर एमआयडीसीच्या पैशाने आसपासची सगळी गावे विकत घेतली असती, असे काका म्हणतात. तेही खोटे नाही. काकांना शेती करत राहायची आहे; आजीला विकायची होती. एकाच कायद्याने एकाचे रक्षण केले आणि दुसरीचे नुकसान. या दोघांत निवाडा करणारे सूत्र मला स्मिथमध्ये सापडले नाही, जोशींमध्येही नाही. जोशी आजीच्या बाजूने गेले असते, एवढे मात्र नक्की.

त्या पैशांवर मी संभाजीनगरला आले, बी.ए. झाले आणि आता एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधिकेच्या मार्गदर्शकांनी पहिल्याच भेटीत विचारले होते की या विषयाशी तुझा वैयक्तिक संबंध आहे का, असल्यास तटस्थता सांभाळ. मी 'थोडासा' म्हणाले.

आजी आता काट्याजवळच्या आमच्या खोलीत राहते. भट्टीच्या धुराबद्दल रोज तक्रार करते आणि गावी जाऊ या म्हटले की नको म्हणते. बिल्ला तिच्याकडे आहे. मागच्या आठवड्यात मी फोटोसाठी मागितला तेव्हा तिने तो पदराने पुसून दिला, आणि फोटो झाल्यावर लगेच परत मागून घेतला.

फोटो पहिल्या प्रतिसादात टाकला आहे. आजोबांच्या कापूस खरेदीच्या चार पावत्याही आहेत. नावे झाकून त्याही टाकते. कोणाच्या घरी एकाधिकार योजनेच्या अशा पावत्या किंवा लक्ष्मीमुक्तीचे कागद असतील तर कृपया फेकू नका. निरोप पाठवा, मी येऊन पाहीन.